लाल बादल्यांतलं पाणी

जामखेडच्या टॉकीजचा मी मॅनेजर होतो असं सांगितलं की लोकांना वाटतं, गड्याला फुकट सिनेमे बघायला मिळाले. कसले सिनेमे घेऊन बसलात! फिल्मची पेटी यष्टीनं आली का, ऑपरेटर शुद्धीत आहे का, मुतारी धुतली का, पडद्यामागं व्यायलेली कुत्री आज कुणाला चावली, हे सगळं माझ्या डोक्यावर. मालक नगरला. माझा जीव मुळात घाबरट आणि तोंड तापट. पडद्यावर हाणामारी रंगात यायची तेव्हा मी भिंतीपाशी उभा राहून वायर जळाल्याचा वास येतोय का ते हुंगत असायचो.

बहात्तरच्या दुष्काळात त्यात पाण्याची भर पडली. आग विझवायला चार लाल बादल्या वाळूच्या आणि चार पाण्याच्या, कायम भरलेल्या पाहिजेत, असा लायसनचा नियम. वाळूला तोटा नव्हता. पाण्याचा टँकर मात्र तीन-तीन दिवसांनी यायचा. बाजारच्या दिवशी दुपारी आमच्याकडे बायकांचा खास खेळ असे. एरवी खडी फोडायच्या कामावर असणाऱ्या बाया त्या दिवशी पोराबाळांना घेऊन यायच्या. प्रत्येकीच्या पिशवीत घरून आणलेली पाण्याची बाटली असायची. ती मध्यंतरापर्यंत संपायची, आणि खेळ सुटल्यावर बघावं तर माझ्या चारही बादल्या ठणठणीत कोरड्या.

असं तीन बाजार झालं. चौथ्या बाजारी लायसनचे साहेब तपासणीला येणार असा निरोप आला. मालकांनी बजावलं होतं, बादल्या भरलेल्या दिसल्या नाहीत तर टॉकीजला कुलूप लागेल. म्हणजे माझी नोकरी गेली, डोअरकीपरची गेली, ऑपरेटरची गेली. मग मी शहाण्यानं काय करावं? पाण्याच्या चारही बादल्या भरून घेतल्या आणि त्यांत फिनाईल ओतलं. म्हटलं, आता लावा तोंड!

खेळ सुरू झाला. थोड्या वेळानं मी बॅटरी मारत भिंतीच्या कडेनं निघालो आणि तिसऱ्या बादलीपाशी थबकलो. पाणी चांगलं तांब्याभर खाली गेलं होतं. बॅटरीच्या उजेडात ते दुधासारखं पांढरं दिसत होतं. मोठं माणूस वासानं थांबेल हो, पण अंधारात तहानलेलं एखादं पोर? ते दूध समजून पिणार नाही कशावरून?

तेवढ्यात डोअरकीपर पळत आला. "मॅनेजरसाहेब, लायसनवाले आले. समोरच्या हाटेलात चहा घेत्यात."

खेळ थांबवला तर साहेब कारण विचारणार. कारण सांगितलं तर लायसन बोंबललं. लाज वाटते सांगायला, पण मी तिथं उभा राहून खरंच नोकरीचा विचार करत होतो. मग अंधारात कुठलंसं पोर खोकलं.

"बंद कर! लाईट लाव!" मी ऑपरेटरच्या खोलीकडं तोंड करून ओरडलो.

दिवे लागले. "आगं बया, काय झालं?" असा एकच गलका उठला. मी पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो. "बादलीतलं पाणी कुणी घेतलं? त्यात फिनाईल आहे! पोराला पाजलं असेल तर सांगा, पाया पडतो तुमच्या!"

मग चौथ्या रांगेतून एक म्हातारी उठली. तिच्या कडेवर उघडं-नागडं नातवंड होतं.

"म्या घेतलं. पाजाय न्हाई. ह्यानं घान केली, ती धुतली. पेयाचं पानी धुन्यात कशाला घालवू? तरी म्हनलं, दवाखान्यावानी वास कसा येतुय!"

बाया खो-खो हसल्या. मी तिथंच पायरीवर बसलो. हुश्श! म्हातारी मात्र हसली नाही.

"दुष्काळात पान्यात इख कालवलंस व्हय रं? तुला आई हाय का न्हाई?"

मी खाली मान घातली. मान वर केली तर दारात साहेब उभे. किती ऐकलं होतं देव जाणे. त्यांनी भिंतीकडेनं चक्कर मारली, बादल्यांत डोकावले, नाकाला रुमाल लावला आणि कागदावर सही केली. पाणी भरलेलं असावं एवढंच नियमात होतं. ते पिण्याजोगं असावं असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

लायसन वाचलं. खेळ पुन्हा चालू झाला. मी दाराला टेकून उभा होतो, ओरडून घशाला कोरड पडलेली. खेळ सुटल्यावर बाया माझ्याकडं न बघता निघून गेल्या. ती म्हातारी शेवटी आली आणि माझ्यासमोर थांबली. तिनं पिशवीतून बाटली काढली. तळाशी दोनच घोट उरले होते.

"तोंड लई सुकलंय तुजं. घे. आमच्यात काय बी घातल्यालं न्हाई."

मी ते दोन्ही घोट प्यायलो.