दुसऱ्या सिलिंडरचा ठोका

गॅरेजवाल्याला सगळे कानसेन म्हणत. गाडी वळणावर असतानाच तो पाना खाली ठेवून सांगायचा, "फॅनबेल्ट ढिला झालाय हिचा," आणि गाडी दारात येईपर्यंत नवा बेल्ट खुंटीवरून उतरवलेला असायचा. तोंडाचाही असा फटकळ, की आपण दुरुस्तीला आलो की बोलणी खायला, हे गिऱ्हाइकाला कळायचं नाही. तरी माणसं त्याच्याकडेच येत.

मग एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातून वस्तरा गळून पडला. इस्पितळातून तो परतला तो लुळा उजवा हात आणि परकी झालेली जीभ घेऊन. कान शाबूत होते, डोकंही शाबूत होतं. पण मनात 'पाणी' असलं की तोंडातून 'खिडकी' बाहेर पडे. 'नाही' म्हणायला जावं तर मान होकारार्थी हले. डाव्या हाताने लिहून पाहिलं, तर अक्षरंच ओळख देईनात. बायको म्हणे, "अहो, येईल हळूहळू. धीर धरा." शेजारीपाजारी मात्र त्याच्याशी मोठ्याने, तोडून तोडून बोलू लागले, तान्ह्या पोराशी बोलावं तसे.

गॅरेज धाकट्या भावाने सांभाळलं. भाऊ मनाचा सरळ आणि हाताचा स्वच्छ. रोज तो दादाला घरातून धरून आणायचा आणि दारालगतच्या खुर्चीत बसवायचा.

एके दिवशी रोपं विकणारी बाई तिची जुनी पिकअप घेऊन आली. कुंड्या आणि मातीची पोती वाहून गाडी पार खिळखिळी झाली होती.

"भाऊ, चढावर काहीतरी ठोकतंय," ती म्हणाली. "आधी गाडी तापली की यायचा आवाज. आता सकाळपासूनच सुरू होतो."

भावाने इंजिन चालू करून रेस दिली. खुर्चीतला कानसेन ताठ झाला. झडपा हलवणाऱ्या टॅपेटचा आवाज वरून येतो, शिलाई मशिनसारखा टिकटिक. हा ठोका खालून येत होता, बंद दारावर कुणी मुठीने हाणावं तसा जड. पिस्टनला खाली धरून ठेवणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं होतं. इंजिन आत्ताच खोलायला हवं, नाहीतर रॉड तुटून इंजिनचा ब्लॉक फाडणार. हे त्याला एका क्षणात कळलं. त्याने तोंड उघडलं.

"चप्पल," तो म्हणाला.

"पायातच आहे की दादा."

"चप्पल! चप्पल!"

रोपवाली गालातल्या गालात हसली आणि लगेच ओशाळली. तो खुर्चीचा हात धरून उठला, पाय ओढत इंजिनपाशी आला आणि डाव्या हाताने पाना घेऊन दुसऱ्या सिलिंडरच्या डिझेल पाइपचं नट सैल केलं. डिझेल उडालं, तो सिलिंडर गप्प झाला आणि ठोकाही दबला. नट आवळल्यावर ठोका परत आला.

भावाचा चेहरा उजळला. "दुसऱ्याचं नोझल म्हणतोस?"

डिझेल फवारणारं नोझल बिघडलं तरी अगदी असंच होतं. भावाचं तरी काय चुकलं! नाही, नाही, खालचं बेअरिंग, असं कानसेन मनात ओरडत होता. आणि मान हो म्हणत होती.

"वहिनी, अहो वहिनी, लवकर या! दादाने बिघाड धरला!"

बायको ओल्या हातांनी धावत आली. किती महिन्यांनी तिचा चेहरा असा फुलला होता. ते पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नोझल साफ झालं. जुनं ऑईल पाण्यासारखं पातळ झालं होतं, म्हणून भावाने जाड ऑईल भरलं. त्याने ठोका बुजला आणि सगळ्यांना तो गेला असंच वाटलं. कानसेनला तो ऐकू येत होता. रोपवाली निघाली तेव्हा त्याने बोनेटवरची किल्ली उचलून मुठीत आवळली. ती समजावू लागली, बायको विनवू लागली. शेवटी भावाने त्याची बोटं एकेक करून उघडली.

"दादा, असं नाही करायचं," तो हळूच म्हणाला.

त्याच आठवड्यात नाल्यापलीकडच्या चढावर रॉड तुटला आणि ब्लॉक फाडून बाहेर आला. गाडी मागे घसरत जाऊन भिंतीला धडकली. बाईचा जीव वाचला, पण तिचं मनगट मोडलं. पिकअप दोराने ओढत आणली, तेव्हा इंजिनला आरपार भोक पडलं होतं. आता तिचं भंगारच होणार होतं.

भावाने इंजिनखालचं ऑईलचं चेंबर खोलून पाहिलं आणि तसाच काळ्या हातांनी दादापुढे येऊन बसला.

"तू बेअरिंगच म्हणत होतास ना? मला कळलं नाही रे."

तुझा दोष नाही, एवढंच कानसेनला सांगायचं होतं. पण ओठ उघडले तर काय बाहेर पडेल याची त्याला भीती वाटली. त्याने ओठ मिटूनच ठेवले.

दुसऱ्या दिवशी भाऊ न्यायला आला, तर तो उठला नाही. बायकोने शब्द शिकवायची चित्रं पुढे धरली. "अहो, एवढं एक तरी सांगा," ती म्हणाली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

तो पडून असायचा त्या पुढच्या खोलीत गॅरेजमधला प्रत्येक आवाज येई. एका दुपारी बायको बाहेर गेलेली असताना त्याने एका हाताने स्वतःचं अंथरूण ओढत ओढत मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. इंजिनांचे आवाज तिथेही यायचे, पण ओळखू यायचे नाहीत. त्याला तेवढंच हवं होतं.