मावशीचा उपाशी पावणो

जगात भूक नसलेला माणूस असू शकतो, हे माझ्या मावशीने अखेरपर्यंत मान्य केलं नाही. तिच्या मते माणसं दोनच प्रकारची, भुकेली आणि लाजणारी. "आत्ताच जेवून आलो" असं म्हणणारा तिच्या लेखी सरळसरळ खोटारडा. लालबागला एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर तिची खाणावळ होती. खाणावळ म्हणजे एक खोली, पुढे गॅलरी आणि वर माळा. त्या माळ्यावर मी राहत असे. गावाहून येऊन फोर्टातल्या एका कचेरीत मी नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो, आणि मला तिच्या हवाली करताना आईने "ह्याका जरा खावक घाल" असं म्हणून ठेवलं होतं. त्या 'जरा'चा परिणाम म्हणून वर्षभरात माझ्या सगळ्या विजारी शिंप्याकडे जाऊन आल्या. गिरणीतले वीसेक गडी आपापल्या पाळीप्रमाणे तिच्याकडे जेवत. मावशी वाढून बाजूला होणाऱ्यांतली नव्हती. हातात डाव घेऊन ती जेवणाऱ्याच्या पुढ्यात उकिडवी बसे आणि घास ताटातून उचलल्यापासून गळ्याखाली उतरेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवी. "पुरे" हा शब्द तिला ऐकूच येत नसे. एकदा एका नवख्या गड्याने ताटावर आडवा हात धरला, तर तिने त्या हातावरच कुळथाची पिठी वाढली आणि वर "आता चाट, मेल्या" म्हणून त्यालाच झापलं.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आज हरताळ, उद्या सभा, परवा कर्फ्यू. अशाच एका कर्फ्यूत गॅलरीतल्या माणसांना आत घालायला एक हवालदार काठी आपटत वर आला. सगळे भराभर आत पळाले. मावशी दारातच उभी. तिने त्याला टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"बाई, ड्यूटीवर आहे. आत व्हा."

"तोंड बघ कसा सुकला तुझा! बस थंय."

का कोण जाणे, तो बसला. मावशीने त्याला बांगड्याचं तिखलं वाढलं आणि प्रत्येक भाकरीबरोबर "मुंबई कोणाची?" हा प्रश्नही वाढला. पहिल्या भाकरीला तो गप्प राहिला, दुसरीला खोकला, तिसरीला इकडेतिकडे बघून हळूच "आपलीच" म्हणाला. तेव्हा कुठे त्याला सोलकढी मिळाली.

अशा बाईच्या घरात काकांनी अजगर आणला. काका म्हणजे मावशीचे यजमान. बोटीच्या इंजिनखान्यात कामाला होते. वर्षातले दहा महिने पाण्यावर आणि उरलेले दोन महिने घरी, पण घरीही इतके गप्प की ते आलेत की गेलेत हे त्यांच्या चपलांवरून ओळखावं लागे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी वेताच्या टोपलीतून हा प्राणी आणला. आपल्याकडच्या अजगरासारखा अवाढव्य नव्हे. जेमतेम दोन हात लांब, काळसर अंगावर पिवळी ठिगळं, आणि स्वभाव असा की कोणी जवळ गेलं की डोकं मधोमध खुपसून चेंडूसारखा गोळा होऊन बसायचा. विषारी नाही, चावरा नाही, नुसता भित्रा. मावशीने त्याला बघून आधी किंकाळी फोडली, मग शिव्या दिल्या आणि मग विचारलं, "खाता काय ह्यो?"

"उंदीर. आठवड्यान एक. खाल्लान तर खाल्लान, नाय तर ऱ्हवांदे," काका म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच होतं.

"पण आणलास कित्याक ह्या?"

"तुका सोबत."

वीस गडी दोन्ही वेळ जेवायला आणि वर माळ्यावर मी, तरी काकांना मावशी एकटी वाटत होती. मला तेव्हा ते हसण्यासारखं वाटलं होतं.

काका होते तोवर सगळं ठीक चाललं. आठवड्यातून एकदा ते संध्याकाळी टोपली खाटेखाली सरकवत, आत उंदीर सोडत, झाकण लावत आणि विडी ओढायला गॅलरीत जात. सकाळी उंदीर नसे. गणपती झाले, काका बोटीवर गेले आणि अजगर मावशीच्या पंगतीला आला. तिने त्याचं नाव ठेवलं पावणो, म्हणजे पाहुणा. चाळीत उंदरांना तोटा नव्हता. खालच्या मजल्यावरून, पलीकडच्या खोल्यांतून लोक पिंजरे घेऊन येत आणि "मावशी, आमचा घे, आमचा मोठा आहे" म्हणून भांडत. मावशी त्यातला एक निवडून टोपलीत सोडी, झाकण उघडं ठेवी आणि सवयीप्रमाणे समोर उकिडवी बसे. हातात डावसुद्धा असे. त्या डावाने ती त्या जनावराला काय वाढणार होती, हे देवाला ठाऊक.

पावणो गोळा होऊन बसे. उंदीर त्याच्या पाठीवर चढे, मिशा साफ करी, उतरे. मावशी म्हणे, "खा रे बाबा. लाजतंस कित्याक? घर तुझाच." तास गेला, दुपार गेली, पंगत उठली, तरी गोळा सुटेना. दुसऱ्या दिवशी मावशीच्या लक्षात आलं की उंदीरही कालपासून उपाशी आहे. तिने त्याला भाकरीचा तुकडा टाकला. तिसऱ्या दिवशी सुकटीचं डोकं. आठवड्याने टोपलीत एक वाळलेला अजगर आणि एक गलेलठ्ठ उंदीर असे दोघं गुण्यागोविंदाने नांदत होते. शेवटी तो उंदीर पावण्याला कुरतडायला लागला, तेव्हा मावशीने त्याला शेपटीला धरून बाहेर काढलं. "माझा खावन माझ्याच पावण्याक चावतंस?"

मग तिने अंडं ठेवून पाहिलं, ताजा बांगडा ठेवून पाहिला, कोंबडीचं पिल्लूही आणून पाहिलं. मध्येच पावण्याचे डोळे दुधाळ निळे झाले. त्याला मोतीबिंदू झालाय असं ठरवून तिने मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे चौकशीला पाठवलं. मी कोपऱ्यावर चहा पिऊन परत आलो आणि "आपोआप बरा होईल म्हणाले" असं सांगितलं. पुढे त्याने कात टाकली, डोळे लख्ख झाले आणि डॉक्टरची चाळभर कीर्ती झाली. पण कात टाकूनही तो काही खाईना. दिवाळी गेली, थंडी पडली. गडी आता चिडवायला लागले. "मावशी, तुमच्या हातचं आम्हीच खावं. जनावराला कळतं!" मावशी हसायची नाही. एरवी अशा बोलण्यावर तिने बोलणाऱ्याच्या सात पिढ्या जेवायला बसवल्या असत्या.

तिचं हसणं का गेलं, ते मला एका सकाळी कळलं. सुएझचा कालवा बंद झाल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या आणि मी रोज तिला त्या वाचून दाखवत असे. काकांची बोट तिकडेच कुठेतरी होती. गावची खलाशी मंडळी येताजाता निरोप आणत, तेही थांबलं होतं. मावशी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्यो खायना, म्हणजे तेंका पण थंय काय खावक गावला नसतला." मी समजावलं की अजगराच्या पोटाचा आणि बोटीच्या भटारखान्याचा काही संबंध नाही. ती म्हणाली, "तू शिकलंस, तुका नाय कळूचा." आणि उठून टोपलीसमोर जाऊन बसली. त्या दिवसापासून मीही टोपलीत डोकावायला लागलो.

त्याच थंडीत मावशी काळी निशाणं घेऊन निघालेल्या बायकांबरोबर गेली आणि पोलिसांच्या गाडीत बसली. आम्ही रस्त्यावर धावलो. बाकीच्या बायका घोषणा देत होत्या आणि मावशी जाळीतून मला ओरडून सांगत होती, "भात उतरव रे! तिखल्यात तिरफळां घाल! पावण्याक बघ!"

तिला दोन-तीन दिवस आत ठेवलं. शेजारच्या वहिनींना हाताशी घेऊन मी कशीबशी खाणावळ चालवली. गडी मुकाट्याने जेवत, अर्ध्यावर उठत. एकजण हात धुताना म्हणाला, "जेवण चांगलं होतं रे. पण शिव्या नसल्या की घास उतरत नाही." पावण्यासाठी कोणीतरी एक लहानसा उंदीर आणून दिला होता. मला समोर बसून मनधरणी करायला सवड नव्हती. मी उंदीर आत सोडला, झाकण लावलं, वर मावशीची जुनी गोधडी टाकली आणि टोपली शेगडीमागच्या उबेला सरकवून दिली. दुसऱ्या दिवशी गोधडी उचलली तर उंदीर नाही, आणि पावण्याच्या मधोमध चांगला लिंबाएवढा फुगवटा.

मावशी सुटून आली ती गळ्यात झेंडूचा हार आणि ओठांवर "जेवलात सगळे?" हा प्रश्न घेऊन. मी म्हटलं, "पावणोसुद्धा जेवला."

"कधी?"

"तू नव्हतीस तेव्हा. काळोखात. कोणी बघत नव्हतं तेव्हा."

ती टोपलीपाशी गेली. फुगवट्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं आता आनंदाने चाळ डोक्यावर घेईल. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी समोर बसलंय म्हणान तो उपाशी ऱ्हवलो?" मग गळ्यातला हार काढून खुंटीला लावला आणि रात्रीच्या पंगतीला सगळ्यांना शेवयांची खीर केली. चारेक दिवसांनी गावचा एक खलाशी निरोप घेऊन आला, की काकांची बोट आफ्रिकेला वळसा घालून येतेय, उशीर होईल. या दोन गोष्टींचा संबंध नाही, असं मी पुन्हा कधी मावशीला सांगितलं नाही.

पावणो पुढे बरीच वर्षं जगला. दर थंडीत त्याने अन्न सोडलं आणि दर होळीनंतर पुन्हा धरलं. महाराष्ट्र झाला, काकांची नोकरी संपली, दोघं गावाला निघाली, तेव्हा त्याला भायखळ्याला राणीच्या बागेत दिलं. तिथल्या माणसाला मावशीने दहा वेळा बजावलं, "वर कापड घाल आणि बघत बसू नको." मावशी-काका दोघंही आता नाहीत.

पण मावशीची आठवण आली की मला काका परत आले तो दिवस दिसतो. ऐन उन्हाळा होता. वाटेत तापाने पडले होते. गालफडं बसलेली, सदरा खांद्यावर टांगल्यासारखा. दुपारची पंगत उठून गेली होती. मावशीने ताट वाढलं आणि डाव घेऊन पुढ्यात बसली. काकांनी एक घास घेतला. तो तोंडात नुसता फिरत राहिला. हात ताटातच थांबला. मी माळ्याच्या शिडीवरून उतरत होतो. आता शिव्यांची सरबत्ती सुरू होणार म्हणून मी कान टवकारले. मावशीने तोंड उघडलं, मिटलं. डाव हळूच जमिनीवर ठेवला, बसल्या जागी फिरली आणि काकांकडे पाठ करून विझलेल्या शेगडीकडे बघत बसली. बराच वेळ काही आवाज नाही. मग भात कालवल्याचा आला. मग कढी ओरपल्याचा.

मावशीचं तोंड माझ्या बाजूला होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ओठांवर बोट ठेवून ती मला दटावत होती, हलू नको म्हणून. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या, असा मी काकांचं जेवण होईस्तोवर तिथेच उभा राहिलो.