आखरीच्या सरीले पानी

सरळ सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या बाबांनी घरात देवाचा फोटोसुद्धा लावू दिला नाही, तिथे भुताखेतांचं काय घेऊन बसलात! मी कारंजा लाडला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे. बिघाड म्हटला की कारण असतं आणि ते सापडतं, हे रोज बघते. तरी हे लिहितेय...

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या स्मृतिदिनाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि आईचं एकच म्हणणं – त्यांचा आवाज सगळ्यांना टीव्हीवर ऐकू आला पाहिजे. आवाज असलेला व्हिडिओ एकच. इंझोरीच्या शेतात वांग्यांना ओलीत, म्हणजे पाणी देणं, चाललंय आणि मी विहिरीवर मोटरपाशी उभी राहून शूट करतेय. दोन मिनिटं चाळीस सेकंद. शेवटी बाबा लांबून हात वर करतात, "कर बंद!" म्हणतात, मी स्टार्टरचं लाल बटण दाबते. संपला.

आमच्याकडे नियमच होता तो. सऱ्यांतल्या माणसाची हाक आल्याशिवाय मोटरवरच्यानं जागा सोडायची नाही.

व्हिडिओ होता राउटरला जोडलेल्या हार्ड ड्राइव्हवर. टीव्ही जुना, म्हणून भाऊ पुण्याला जाताना टाकून गेलेल्या गेम कन्सोलवरून लावायचा ठरवला. दुपारी दीडला बसले. लग्नाचे व्हिडिओ बिनबोभाट चालत होते, हाच तेवढा 'फॉरमॅट चालत नाही' म्हणे. लॅपटॉपवर कन्व्हर्ट केला. राउटरमधला मीडिया सर्व्हर रीस्टार्ट, राउटर रीस्टार्ट... कन्सोल आपला जुनीच यादी दाखवतोय. शेवटी फोल्डर नव्याने शेअर केलं तेव्हा फाइल दिसली. लांबीच्या जागी नुसती शून्यं.

लागला एकदाचा. बाबा सऱ्यांत वाकलेले, मागे मोटरचा आवाज. दोन-चाळीस झाले... हात वर झालाच नाही. तीन मिनिटं. सात. बाबांनी फावड्यानं माती ओढून पाणी पुढच्या सरीत वळवलं आणि मान वळवून म्हणाले, "थांब वं. आखरीच्या सरीले पानी पोचलं नाही."

हे वाक्य त्या व्हिडिओत नाही. मला तो पाठ आहे.

स्टॉप दाबलं, काही नाही. राउटरची केबल उपटली – चालूच! बफर असेल म्हणाल. मीही तेच म्हटलं. पण पाऊण तास? उठून मेन स्विचवर हात ठेवला, तर तो दाबवेना. दार सताड उघडं होतं, शेजारच्या काकू दळण घेऊन जाताना दिसल्या. हाक मारायला तोंड उघडेना, पाय जागचे हलेनात. जरा बळ केलं की टीव्हीतून पुन्हा, "थांब." मी रडायला लागले, कारण मला का थांबवलंय ते मला ठाऊक होतं.

बाबा गेले त्या दिवशीही मोटरवर मीच होते. एसटी चुकेल म्हणून हाकेची वाट न बघता मी मोटर बंद केली आणि निघून आले. भर उन्हात ते ती चालू करायला चालत आले असणार. विहिरीपाशीच पडलेले सापडले. वर्षभर हे मी कुणापाशी बोलले नव्हते.

चारच्या सुमारास आई बाजारातून आली. आधी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. भाजीची पिशवी खाली ठेवली आणि टीव्हीलाच म्हणाली, "अवो, कितीक वेळ उभी ठेवता पोरीले? लय झालं. सोडा तिले आता."

बाबांनी हात वर केला. "कर बंद!"

स्विचवरचं माझं बोट दाबलं गेलं. मोटरचा आवाज थांबला. मी तिथेच खाली बसले.

"आई, तुले मालूम होतं?"

"ते पडले तवा मोटर बंद होती वं. मीनंच पाह्यली." तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. "तू सांगशील म्हणून वाट पाहून राह्यली होती."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर व्हिडिओ नीट चालला. बरोब्बर दोन मिनिटं चाळीस सेकंद. नंतर मी सर्व्हरचे लॉग चाळले. आदल्या दुपारी ती फाइल कन्सोलनं मागितल्याची नोंदच नाही. कारण आजतागायत सापडलेलं नाही, तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा.

परवा आई सऱ्यांत होती, मी मोटरवर. रस्त्यावरून माझी एसटी निघून गेली. हाक यायची होती, मी उभी राहिले.