पिवळं इंजेक्शन

शिरूरच्या कुस्ती निवड चाचणीत फायनल मारली आणि मी मॅटवरच कोलांटी घेतली. उठतो तर समोर टोपीवाला माणूस, हातात कागद. मला वाटलं पेपरवाला. केस नीट करत म्हणालो, "फोटो डावीकडून घ्या."

"डोपिंग तपासणीसाठी लघवीचा नमुना द्यायचाय," तो म्हणाला. "तोवर मी तुमच्यासोबतच राहणार. तुम्हाला आपला एक माणूस बरोबर घेता येईल."

मी वस्तादांना घेतलं. आमच्या पाटसकडच्या तालमीत पाय कुठं टाकायचा इथपासून लग्न कधी करायचं इथपर्यंत त्यांचाच शब्द.

शाळेच्या प्रयोगशाळेत टेबल मांडलं होतं. तपासणीला आलेल्या मॅडमनी सीलबंद बाटल्यांची खोकी पुढं ठेवली, हवं ते उचला म्हणाल्या. मी सवयीनं वस्तादांकडं पाहिलं.

"त्यांनी नाही, तुम्ही निवडायचं."

मधलं उचललं. पण वजन उतरवायला पाणी तोडलेलं, थेंब येईना. पाणी पीत बसलो. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "गेल्या आठवड्यात औषध? गोळी, इंजेक्शन?"

"काय न्हाई," माझ्याआधी वस्तादच बोलले. "दूध-बदामावरचा गडी हाय."

खरं तर परवाच गुडघा धरला म्हणून वस्तादांनी मला गावच्या डॉक्टरकडं नेलं होतं. त्यानं दंडात पिवळं इंजेक्शन टोचलं, "घोड्यासारखा पळशील" म्हणाला. आणि मी शहाणा, अंगात इंजिन बसवलंय म्हणून तालीमभर सांगत सुटलो. त्यात काय होतं कुणास ठाऊक. क्रीडा कोट्यातली पोलिसाची नोकरी या नमुन्यावर लटकलेली. दडवलं आणि सापडलं तर संपलं. सांगितलं तर वस्ताद खोटे पडणार.

"मॅडम, एक इंजेक्शन घेतलंय."

टेबलाखाली वस्तादांचा पाय माझ्या पायावर आला. अख्ख्या वजनानिशी.

"कसलं?"

"पिवळं."

"हे औषधाचं नाव झालं?"

"डॉक्टरनं दिलं. मी फक्त दंड पुढं केला."

"कुणीही दिलं तरी अंगात गेलं त्याला जबाबदार तुम्हीच. टोचायच्या आधी विचारायचं."

शेवटी वस्तादांनी मोबाइल काढून डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरला वाटलं, चौकशी त्याच्यावरच आली. त्याचं ओरडणं टेबलाच्या पलीकडं ऐकू गेलं, "आईची आन, साधं बी-कॉम्प्लेक्स होतं! जोर-बिर काय न्हाई त्यात. गडी भ्यालेला, म्हणून टोचलं!"

"लिहून घेते," मॅडम म्हणाल्या. "खरं-खोटं नमुना सांगेल."

वस्तादांनी पाय उचलला. "म्हंजी कुस्ती तू तुझ्याच जिवावर मारलीस?"

"व्हय, आबा." एवढं बोललो आणि दोन दिवस गप्प असलेला गुडघा ठणकायला लागला. लंगडतच संडासाकडं निघालो, मागं टोपीवाला.

पुढचा महिना झोप नव्हती. मग एका सकाळी वस्ताद उसाच्या बांधावर आले, हातात तांब्या.

"साफ निघालं. जा आता पोलिसात. आन् हितनं फुडं मी जरी काय दिलं, तरी आदी इचारायचं. घे, पी."

"काय हाय ह्यात, आबा?"

त्यांनी मला दोन शिव्या हासडल्या आणि मग म्हणाले, "म्हशीचं दूध!"