आधी म्हणजे अर्धी नव्हे

आमच्या अचलपूरकडच्या मातीत कापूस पिकतो, संत्री पिकतात, आणि मधूनच एखादं असं माणूस पिकतं की ते कितीही दूर गेलं तरी गाव त्याच्यावर आपला हक्क सांगत राहतं. कांताबाई तशी आहे. लग्न होऊन ती रायपूरला गेली. नवरा रेल्वेत, ती स्वतः एका इस्पितळात आया. आता नवरा नाही, नोकरीही संपली. शंकर नगरच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, ती मुलगा नीलेश आणि सून निधी यांच्यासोबत राहते.

घर ख्रिस्ती. बायबल माहेरून आणलेलं, मराठी. पण कांताबाईचं वचन पुस्तकात राहत नाही. आळ्यात पाणी मुरावं तसं ते तिच्या हातापायांत मुरतं. तोंड पाहून न्याय करू नये, हे ती इस्पितळात जगली. दारू पिऊन पडलेल्याचं अंग आणि साहेबाच्या आईचं अंग तिनं सारख्याच मऊ हातानं पुसलं. मवाळ उत्तरानं राग निवतो, हे सदर बाजारात दिसलं. एक स्कूटरवाला तिला धडकून पडला आणि वर तिलाच शिव्या देऊ लागला. ती म्हणाली, "भैया, पहिले गुडघा पाहा, रक्त येऊन राहिलं." तो माणूस शिव्या सोडून गुडघा पाहू लागला.

अशी बाई एकदा चुकली. भिंतीपलीकडे शर्मिष्ठाताई राहतात, तिची सगळ्यात जुनी मैत्रीण. त्यांच्या मुलानं, परागनं, भनपुरीतली ट्रान्सपोर्टची नोकरी सोडली आणि तो दिवसभर घरीच दिसू लागला. नळावर चार बायकांत कांताबाई बोलून गेली, "पोट्टा आयतोबा झाला." शब्द भिंतीपलीकडे पोचला. मग नीलेशकडून कळलं, परागच्या वडिलांना, यशवंतरावांना, लकवा मारला होता. मानी माणूस, कोणाला सांगू नका म्हणाले होते. पराग त्यांचं सगळं करत होता. त्यांच्या गच्चीवर रोज वाळणाऱ्या चादरी कांताबाई पाहत होती, आणि आयुष्यभर आजाऱ्यांच्या चादरी बदललेल्या त्या बाईला त्यांचा अर्थ कळला नव्हता.

शर्मिष्ठाताईंनी बोलणं टाकलं. कांताबाई परसातले दोडके भिंतीवर ठेवू लागली, मुकाट्यानं. दोडके तिथंच वाळून जात.

उपकारस्तुतीचा रविवार आला. त्या दिवशी परसातलं चांगलं ते चर्चमध्ये अर्पण करतात. कांताबाई टोपलीत भोपळा ठेवत होती आणि सुनेला त्या दिवसाचं वचन आपल्या शब्दांत सांगत होती. निधी रायपूरच्या हिंदी घरातली. मराठी अजून शिकते आहे.

"भाऊ तुझ्यावर नाराज असला, तर अर्पण तिथंच राहू दे. आधी समेट कर, मग ये."

निधीचा चेहरा खुलला. "ये तो आसान है, मम्मी. आधी ही तो करनी है. आप गेट तक जाके नमस्ते बोल दीजिए, बाकी आधी आंटी करेंगी."

कांताबाई पोट धरून हसली. "अवं पोरी, आधी म्हंजे अर्धी नाही. आधी म्हंजे पहिले."

हसता हसता ती थांबली. भिंतीवरचे दोडके तिला आठवले. सून शब्दात चुकली होती. ती स्वतः तर इतके दिवस अर्धाच समेट करत आली होती. टोपली तिनं ओट्यावर ठेवली.

"मम्मी, चर्च?"

"तू थांब. मी येतो जाऊन."

दार शर्मिष्ठाताईंनीच उघडलं, पण अर्धंच.

"काहून, भिंतीवर जागा नाही राहिली का?"

"भिंतीवरून होत नाही ते, ताई. मी परागले आयतोबा म्हटलं. काही माहीत नसताना म्हटलं. माहीत झाल्यावरही दोडके ठेवत बसली, तोंड उघडलं नाही. चुकलं माझं."

शर्मिष्ठाताई दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. "रडला तो त्या दिवशी. बापाले घास भरवता भरवता." मग म्हणाल्या, "बदनामी चारचौघींत, अन् माफी एकटीपाशी. मस्त आहे तुमचं."

शेजारणीचं हे बोलणं ऐकून दुसरी बाई परत फिरली असती. कांताबाईनं मान हलवली.

"बरोबर आहे. उद्या पाणी आलं का, नळावर सांगीन. त्याच बायकांपुढे."

दार लागलं.

सोमवारी पाणी आलं. बायका जमल्या. कांताबाईनं भरली बादली खाली ठेवली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "पराग बापाची सेवा करून राहिला. मी त्याले आयतोबा म्हटलं होतं, ते खोटं होतं. ऐकणाऱ्यांनी हेही ऐकावं." नळाखालची घागर भरून वाहू लागली.

शर्मिष्ठाताई मागेच उभ्या होत्या. पुढे येऊन त्यांनी नळ बंद केला.

"झालं सांगून? मग बादली राहू द्या तिथं अन् चला. यांची आंघोळ व्हायची आहे, पराग एकटा पडला. कुशीवर कसं वळवायचं, ते त्याले दाखवा एकदा."

कांताबाई पदर खोचून त्यांच्या मागे निघाली.