आईचं लाल लुगडं

आमचं गाव खाडीच्या तोंडाशी. चाळीस घरं, आणि घरटी एक तरी माणूस समुद्रावर. माझे वडील गलबताचे तांडेल होते, आजोबाही. खाडीच्या तोंडावर वाळूचा बांध आहे. वारा फिरला की त्यावर लाटा फुटतात आणि आत येणारं गलबत उलटतं. अशा वेळी बायका टेकडीवर काठीला लाल लुगडं बांधून उभ्या राहत. ते दिसलं की गलबतं बाहेरच नांगर टाकत. आईच्या लुगड्यामुळे वडील एकदा दोन दिवस बाहेरच थांबले, म्हणून वाचले.

अशा गावातून मी लग्न होऊन निजामाच्या मुलखात, धावड्याला आले, जिथे पाणी विहिरीत वाकून बघायचं! आमचे हे दुष्काळात मुंबईच्या गोदीवर हमालीला आले होते. वडिलांच्या गलबतावरचा माल उतरवता उतरवता सोयरीक जुळली. मी समुद्राचं काढलं की हे हसायचे, "लागलं तुझं गलबत!" पण ऐकायचे.

निजामाच्या राज्याचा तो शेवटचा उन्हाळा. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत होत्या. एका दुपारी आमच्या चावडीपुढे आल्या आणि तरण्या माणसांना धरायला लागल्या. हे भोकरदनच्या बाजाराला गेले होते, परतायची वेळ झालेली. सांगावा घेऊन जायला कुणी घराबाहेर पडेना. शेवटी मी माळवदावर चढले आणि काठीला लाल लुगडं बांधून उंच धरलं.

लांब वाटेवर हे दिसले. लुगडं बघून थबकले. मी देवाला हात जोडणार, तोच पळत सुटले, थेट गावाकडे!

मी काठी टाकली, हात हलवले, ओरडले. काही उपयोग झाला नाही. चावडीपुढेच धरलं त्यांना.

तीन दिवसांनी सोडलं, उजवा हात मोडून. मी रडत, चिडत विचारलं, "लुगडं दिसलं होतं ना? मग आलात कशाला?"

"दिसलं म्हून तर आलो. तूच सांगत होती ना, आईनं लुगडं लावलं अन् बाप घरी आला. मला वाटलं, तू बोलवून राह्यली."

खरंच, मी तसंच सांगायचे. आमच्या गावात पोराटोरांनाही ठाऊक असलेलं काय सांगायचं, म्हणून मधले दोन दिवस मी दर वेळी गाळत आले होते.