नागिणीची लस आणि अंबादासचं चेकिंग

चहाच्या बाकावर रोज तीच माणसं बसली की किस्से आपोआप साचतात. आमच्या भवानी पेठेतल्या बाकावरचे बहुतेक किस्से अंबादासच्या नावावर आहेत. मी तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. अंबादास टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला, म्हणजे तयार मालातले फॉल्ट शोधायला होता. तरी किस्से त्याचेच, हे मला अजून पचलेलं नाही.

*

मोबाइलवर मेसेज आला : नागीण या पुरळाच्या आजारावरच्या लशीमुळे एका दुर्मिळ दुष्परिणामाचा धोका दुप्पट. मी पेपरच्या कडेला आकृती काढून सांगितलं, मुळात धोका किती होता ते आधी विचारा. वीस मिनिटं बोललो.

ट्रान्सपोर्टवाले रफीकभाई म्हणाले, "सर, म्हणजे घ्यायची का न्हाय?"

अंबादासनं बशी खाली ठेवली. "अख्ख्या गठ्ठ्यात एक धागा तुटलेला. आता दोन तुटले. दुप्पटच की. गठ्ठा फेकता का?"

रफीकभाईंनी दुसऱ्या दिवशी लस घेतली.

*

आठवड्यानं रफीकभाईंची पाठ धरली. "लशीनंच," ते म्हणाले. मी म्हटलं, लस न घेतलेल्या किती जणांची पाठ धरते, तेही बघावं लागतं. कोणी ऐकेना.

"फॉल्ट माझ्या टेबलावर सापडायचा," अंबादास म्हणाला. "मालक मलाच ओरडायचा. फॉल्ट पडलेला असायचा मागावर."

हा दाखला मी घरी येऊन वहीत उतरवला. ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत वापरलाही, त्याचं नाव न घेता. सगळ्यात जोरात टाळ्या त्यानंच वाजवल्या.

*

मग मी स्वतःचा दाखला शोधला. पत्नीला, सुमतीला म्हटलं, "धोका म्हणजे तांदळाच्या पोत्यात एक खडा."

"तो माझ्याच घासात आला तर?"

खरं तर तोच प्रश्न माझा होता. जगाला समजावत होतो, पण लस मी घेतलीच नव्हती. हे कोणालाच माहीत नव्हतं.

*

शेवटी सुमतीनं घरी आलेल्या अंबादासलाच विचारलं. मी समोर बसलेला असताना.

"तुम्ही घेतली का, भाऊजी?"

"मागच्याच महिन्यात की, वहिनी. सर एवढं सांगत हुते. सरांनी तर माझ्या आधी घेतली असंल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

"दोघांनी घेतलीय, तर मीही सोमवारी घेते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टूथपेस्ट आणतो असं सांगून मी लांबच्या रस्त्यानं दवाखान्यात गेलो. लशीच्या खोलीबाहेर बाकावर अंबादास बसला होता, डावी बाही खांद्यापर्यंत गुंडाळून, हातात पहिल्या डोसची चिठ्ठी.

तो थोडा सरकला. "बसा सर," म्हणाला. "लई गर्दी न्हाय."